सुटं न होणारं कपाट

आमच्या जिन्यात कपाट अडकलं त्याला मी जबाबदार आहे, असं सगळ्या इमारतीचं मत आहे. मी ते मान्य केलेलं नाही आणि करणारही नाही. जिना एवढा अरुंद मी बांधला नव्हता. कठडा बसवताना कुणी माझा सल्ला घेतला नव्हता. माझं एवढंच, की मी एक कपाट करायला टाकलं. हा गुन्हा असेल तर आधी गावातले सगळे सुतार आत टाका, मग माझ्याकडे या.

कपाट आमच्या ह्यांच्यासाठी. हे आरमारात. जहाजावर मुख्य स्वयंपाकी. तिथे दोनशे माणसांना दोन्ही वेळ जेवू घालतात आणि घरी आले की मीठ कुठल्या डब्यात आहे ते मला विचारतात. एकतीस वर्षं हेच चाललंय. सात-आठ महिने समुद्रावर, महिना-सव्वा महिना घरी. ही फेरी मात्र शेवटची. आता येतील ते कायमचे.

गेल्या रजेत एक गोष्ट झाली, ती एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका. हे आले, आंघोळ केली आणि म्हणाले, "माझे कपडे कुठे ठेवू?" मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "बॅगेतच राहू द्या, परत जायचंच आहे." झालं. चाळीस दिवस त्या माणसाचे कपडे पलंगाखाली बॅगेत. रोज सकाळी गुडघे टेकायचे, बॅग ओढायची, शर्ट काढायचा, बॅग परत आत सारायची. एका शब्दानं तक्रार नाही. तक्रार केली असती तर मी चार शब्द सुनावले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

ते गेल्यावर एक दिवस मी घरातली दोन्ही कपाटं सताड उघडली. एकात माझ्या साड्या आणि सुनेचे कपडे. दुसऱ्यात चादरी, रजया, मुलाची शाळेतली पुस्तकं (मुलगा आता परगावी नोकरीला आहे, पुस्तकं इथेच आहेत), पाहुण्यांसाठीचे कप आणि एक जळकी इस्त्री. त्या इस्त्रीला माझ्या घरात जागा होती. घरधन्याला नव्हती. मी कपाट बंद केलं, चप्पल घातली आणि तडक सुतार मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री म्हातारा आणि गुणी. त्यानं विचारलं, "बाई, सुटं होणारं करू ना? बोल्ट लावतो. हलवायचं झालं की चार भाग."

इथे मी जे बोलले त्यावर पुढे बरीच टीका झाली, म्हणून माझी बाजू आधी ऐका. आरमारातल्या माणसाच्या घरातलं सामान तुम्ही पाहिलंय का? दर तीन वर्षांनी बदली. पलंग बोल्टचा, टेबल घडीचं, खुर्च्या एकात एक बसणाऱ्या. माझ्या संसाराला किती बोल्ट आहेत ते मला तोंडपाठ आहे. एका डब्यात बोल्ट, एका डब्यात नट, आणि नव्या घरी पोचलं की एक नट नेहमी कमी. एकतीस वर्षं मी हातात पाना घेऊन संसार केला. दोन वर्षांपूर्वी हे स्वतःचं घर घेतलं तेव्हा मनाशी ठरवलं होतं, आता ह्या घरात जे येईल ते हलायला येणार नाही.

"सुटं नको," मी मिस्त्रीला म्हटलं. "एक बोल्ट दिसला तर पैसे देणार नाही."

"आणि नंतर कुठे न्यायचं झालं तर?"

"आता कुठे जायचं नाहीये."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. असं काम त्याला कित्येक वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दोन महिने खपून त्यानं खाचेत खाच बसवून, सरस लावून असं कपाट केलं की फळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते बोटाला कळू नये. खिळा नाही, बोल्ट नाही. सहा फूट उंच, चार फूट रुंद, दोन दारं, पाच खण, पितळी किल्ली. मोजमापं मी जातीनं घेतली होती. खोलीची भिंत मोजली. घराचं दार मोजलं. जिना मोजला नाही. का मोजावा? ही इमारत आमच्याच लोकांच्या सोसायटीची. निम्मे निवृत्त, निम्मे जहाजावर. ह्या जिन्यावरून आजवर पेट्या गेल्या, घडीची टेबलं गेली, चार भागांचे पलंग गेले. अखंड अशी वस्तू ह्या जिन्यानं पाहिलेलीच नव्हती. मग त्यातून ती जाते की नाही हे कुणाला ठाऊक असणार?

आता प्रश्न तारखेचा. जहाज कधी येणार हे आरमार सांगत नाही. कार्यालयात आम्हा कुटुंबांसाठी एक खिडकी आहे. तिथला कारकून धक्क्यावर यायचा पास देतो, त्यावर आपलं नाव असतं, शिक्का असतो, तारीख कोरी असते. विचारलं तर म्हणतो, "गोपनीय आहे, योग्य वेळी कळवू." योग्य वेळ म्हणजे जहाज धक्क्याला लागल्यावर. पण जहाजाला ताजी भाजी लागते, अंडी लागतात, त्यामुळे बंदराच्या फाटकाबाहेरच्या भाजीवाल्याला सगळं आधी कळतं. देशाचं गुपित आहे, बायकोला सांगायचं नाही, भाजीवाल्याला सांगायचं.

"काकू, शनिवारी सहाशे अंडी सांगितलीत," तो हळूच म्हणाला. मी अर्धा किलो टोमॅटो जास्त घेतले. बातमीचं काही द्यायला नको का?

म्हणजे शनिवार. मी कपाट त्याच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी मागवलं. नऊ दिवस हातात. त्यात कपाट लावायचं, आतून पुसायचं, कागद अंथरायचा. हे घरात पाऊल टाकतील, कपडे कुठे ठेवू विचारायला तोंड उघडतील आणि मी नुसतं बोट दाखवीन. एवढंच माझ्या मनात होतं. फार मोठी अपेक्षा होती असं मला अजून वाटत नाही.

गुरुवारी चार हमाल कपाट घेऊन आले. पहिला मजला सुरळीत. मग तळमजल्यावरचे झेंडेवाले काका बाहेर आले. काका जहाजावर झेंडे हलवून निरोप द्यायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, हात अजून निवृत्त झाले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांत वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या घेतल्या आणि हमालांना खुणा सुरू केल्या. हमालांना त्यातलं काही कळेना. दोघे डावीकडे वळले, दोघे उजवीकडे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कपाटाचा वरचा कोपरा छताला घट्ट बसला, खालचा कोपरा कठड्याच्या गजांत घुसला, आणि कपाट आडवं-तिरकं होऊन जिन्यात असं रुतलं की चौघांनी हात सोडले तरी हललं नाही.

"काका, हे काय केलंत?" मी वरून विचारलं. मी अर्थातच दुसऱ्या मजल्यावर, घराच्या दारात उभी होते.

"मी 'थांबा' म्हणून खूण केली होती," काका म्हणाले.

हमालांनी एक तास खटपट केली. वर ढकललं, खाली ओढलं, कपाट जागच्या जागी. मिस्त्रीला बोलावलं. तो खालच्या पायरीवर बसून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, उपाय शोधतोय. तर म्हणाला, "बाई, एवढं ओढलं तरी एक सांधा हलला नाही बघा." त्याला माझ्या अडचणीपेक्षा स्वतःच्या सरसाचं कौतुक.

त्यानं उपाय सांगितला तो मात्र सरळ होता. कठड्याचे दोन गज कापायचे, कोपरा सुटतो, कपाट वळतं. गज नंतर पुन्हा जोडून देतो. अर्ध्या तासाचं काम. तो हत्यारं काढणार तेवढ्यात वरून आवाज आला, "कठडा ही सामायिक मालमत्ता आहे."

हे कप्तान. आमच्या सोसायटीचे सचिव, राहायला तिसऱ्या मजल्यावर. आरमारात ते भांडारात होते, खलाशांना साबण आणि मोजे मोजून द्यायचे. पण निवृत्तीनंतर माणूस स्वतःच स्वतःला बढती देतो. आमची इमारत ते जहाजासारखी चालवतात. गच्चीवर दुर्बीण घेऊन उभे राहतात, कुठलं जहाज आलं-गेलं त्याची वहीत नोंद करतात. ती वही कुणीही मागितलेली नाही.

"मग परवानगी द्या, भावजी," मी म्हटलं.

"अर्ज करा, वहिनी. सदस्याच्या सहीनं."

"मी करते सही."

"तुम्ही सदस्याची पत्नी. सदस्य ते. घर त्यांच्या नावावर आहे."

"ते समुद्रावर आहेत."

"मग ते आल्यावर करू."

"ते यायच्या आत कपाट घरात जायला हवं. तेवढ्यासाठीच तर चाललंय."

कप्तानांनी विचार केला. तसा त्यांचा स्वभाव वाईट नाही, नियम वाईट आहेत आणि ते त्यांना पाठ आहेत. म्हणाले, "तुम्हाला सहसदस्य करून घेता येईल. मग तुमची सही चालेल. एक फॉर्म आहे."

"द्या."

"त्यावर सदस्याची सही लागते."

मी सुनेकडे पाहिलं. सून नोकरी करणारी, शिकलेली. ती खाली मान घालून ओठ चावत होती. मला वाटलं रडते, तर ती हसू दाबत होती. मी कप्तानांना म्हटलं, "आमच्या लग्नाच्या दाखल्यावर ह्यांची सही आहे. ती चालेल का?"

"त्यावर कपाटाचा उल्लेख आहे का?" कप्तानांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

त्यानंतर माझ्या बंदिवासाचे दिवस सुरू झाले. कपाटाखाली एक तिकोनी फट राहिली होती. कंबरेइतकी उंच. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या माणसानं खाली जायचं तर गुडघ्यांवर बसून, मान घालून, रांगत त्या फटीतून जायचं. सून गेली, पाच मिनिटांत गेली, ऑफिसची पर्स पुढे ढकलत. समोरच्या घरातली नर्सबाई गेली. कप्तान स्वतः दिवसातून चार वेळा जायचे, कडक इस्त्रीच्या पँटमध्ये, पण गज कापू दिले नाहीत. माणसाचं हे मी मानते. स्वतः रांगेल पण नियम रांगू देणार नाही.

मी गेले नाही. मी अंगानं भरलेली आहे, ते एक. आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सुनेसमोर, अख्ख्या इमारतीसमोर मी चार पायांवर चालत घराबाहेर पडावं, हे दुसरं. तेव्हा मी वरच राहिले. सून सामान आणायची, मी गच्चीवर जाऊन हवा खायची.

आणि सल्ले. जिन्यात कपाट अडकलं की माणसाला किती सुचतं हे त्याशिवाय कळत नाही. झेंडेवाले काका म्हणाले, साबणाचं पाणी ओता. ओतलं. कपाट हललं नाही, कप्तान घसरले. नर्सबाई म्हणाली, "काकू, लाकूड दमट हवेत फुगतं, कोरडं करा." तिनं हीटर लावायला सांगितला. दिवसभर लावला. पहिल्या मजल्यावरच्या घरातून निरोप आला, त्यांचं लोणी वितळलं. मुलाचा फोन आला, "आई, विकून टाक." जिन्यात अडकलेलं कपाट कोण विकत घेणार, हे त्यानं सांगितलं नाही. हा मुलगा कॉलेजात पहिला आला होता.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, "आई, बाबांची संमती मागवून घेऊ. कार्यालयातून जहाजावर निरोप पाठवतात ना?" ह्या फेरीत जहाजावर फोन बंद होते, तेही गोपनीय. मी खिडकीवाल्या कारकुनाला फोन लावला.

"जन्म, मृत्यू की आजार?" त्यानं विचारलं.

"कपाट," मी म्हटलं.

"बाई, खाजगी निरोप तीनच कारणांनी जातो. जन्म, मृत्यू, गंभीर आजार."

"ह्यातलं काही नाही. कपाट जिन्यात अडकलंय, गज कापायला ह्यांची संमती पाहिजे."

कागद उलटल्याचा आवाज आला. "चौथा रकाना आहे. इतर घरगुती अडचण."

"तो लिहा. आणि पुढे सगळं सविस्तर लिहून घ्या."

"तपशील लिहिता येत नाही. अडचण आहे एवढंच जातं."

"मग त्यांना कळणार कसं, काय अडचण आहे ते?"

"अडचण आहे हे कळतं, बाई."

"आणि त्यांची संमती?"

"इथून निरोप जातो. तिकडून येत नाही."

मी फोन ठेवला. तेवढ्यात त्यानं निरोप पाठवूनही दिला असेल असं मला वाटलं नव्हतं. एरवी ह्या खिडकीला कोरा पास द्यायला अडीच आठवडे लागतात. सून म्हणाली, "आई, बाबा काळजी करतील."

"एकतीस वर्षं मी केली," मी म्हटलं. "चार दिवस त्यांना करू दे." बोलून गेले, पण दुपारच्या भाजीत मीठ दोनदा घातलं.

बुधवार उजाडला. भाजीवाल्याच्या हिशोबानं अजून तीन दिवस होते. सकाळी मी केस विंचरत होते तर गच्चीवरून कप्तानांची हाक, "वहिनी, वर या. तुमचं दिसतंय."

मी दुर्बिणीला डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग पाणी, मग एक राखाडी ठिपका. आरमाराची सगळी जहाजं राखाडीच, पण आपल्या माणसाचं जहाज ओळखू येतं, जशी दोनशेजणांच्या घोळक्यात त्याची चाल ओळखू येते. तेच होतं. भाजीवाल्याची सहाशे अंडी दुसऱ्याच जहाजाची निघाली.

"तीन तासांत धक्क्याला लागेल," कप्तान म्हणाले. "चला, पास घ्या, वाका आणि निघा."

"मी वाकणार नाही. गज कापा."

"सदस्याची सही, वहिनी."

"सदस्य तो बघा, तुमच्या दुर्बिणीत उभा आहे. दुर्बिणीतून घ्या सही."

सून ऑफिसला निघाली होती, ती थांबली. मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो करवत घेऊनच आला. कप्तान कठड्यासमोर हात पसरून उभे. मी म्हटलं, "ठीक आहे. कठडा तुमचा, कपाट माझं. मिस्त्री, कपाट कापा. मधोमध कापा."

मिस्त्रीनं करवत खाली ठेवली. "हे मला सांगू नका, बाई. दुसरा माणूस बघा."

"तुम्हीच केलंय ना?"

"म्हणूनच."

दोन-अडीच तास हाच घोळ. मी चांगली साडी नेसून पास हातात धरून वरच्या पायरीवर, मिस्त्री खालच्या पायरीवर, मध्ये कपाट. झेंडेवाले काका खालून दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होते. आणि मग लांबून बँड ऐकू आला.

जहाज धक्क्याला लागताना बँड वाजतो. एकतीस वर्षांत मी एकही बँड चुकवलेला नाही. मुलगा पोटात असताना उभी होते, अंगात ताप घेऊन उभी होते, सासूबाईंशी भांडण करून उभी होते. जहाजावरून उतरलेला प्रत्येक माणूस गर्दीत कुणालातरी शोधतो. आणि हा शेवटचा बँड होता. हे उतरून इकडेतिकडे बघत असतील, हातात ती बॅग, डोक्यात तो निरोप, की घरी काहीतरी अडचण आहे. आणि समोर मी नाही.

मी पायरीवर बसले. पदर खोचला. पास दातांत धरला.

"आई, सावकाश," सून म्हणाली. ह्या वेळी ती हसत नव्हती. कप्तानांनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना अर्जाचं सगळं माफ केलं. बाकीचं नाही.

फटीत शिरणं सोपं नव्हतं. खांदे गेले, पुढचं तिथेच थांबलं. डोक्यावर कपाट, खाली पायरीची धार, पाठीमागे सून नुसतीच "आणखी थोडं, आणखी थोडं" करतेय. मी मनात आरमाराला, सोसायटीला आणि भाजीवाल्याला एकेक करून काय म्हणायचं ते म्हटलं. अर्ध्यात पोचले असेन, तर समोरून फटीत एक डोकं आलं. पांढरी टोपी. खाली ह्यांचा चेहरा.

दोघंही गुडघ्यांवर. मध्ये हातभर अंतर.

"अगं, कोण आजारी आहे?" ह्यांनी विचारलं. चेहरा पांढराफटक.

मी दातांतला पास काढला. "कुणी नाही."

"मग कोण गेलं?"

"कुणी कुठे गेलं नाही. सगळे इथेच अडकलेत. मागे सरका."

"निरोप आला, घरी अडचण. साहेबांनी मला सगळ्यांत आधी उतरवलं, गाडी देऊन पाठवलं. बँड संपायचा होता." ह्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे डोकावून पाहिलं. "कुठे आहे अडचण?"

"तुमच्या डोक्यावर."

ह्यांनी मान वर केली आणि टोपी फाडकन फळीवर आपटली. तसेच बसून त्यांनी हात वर केला आणि कपाटाचा तळ चाचपला. नव्या पातेल्याचा तळ बघावा तसा.

"कुणाचं आहे?"

"तुमचं."

"माझं म्हणजे?"

"तुमचं म्हणजे तुमचं. कपडे ठेवायला. पाच खण आहेत. आता मागे सरकता का, माझे गुडघे गेले."

ते मागे सरकले. मला हात देऊन बाहेर ओढलं. मी खालच्या बाजूला उभी राहिले, साडी झटकली आणि जणू धक्क्यावरच उभी आहे अशा तोऱ्यात म्हटलं, "आलात का?"

"आलो," हे म्हणाले.

खरी गंमत पुढेच. ह्यांची बॅग त्या फटीतून जाईना. उभी घालून पाहिली, आडवी घालून पाहिली. एकतीस वर्षांचा संसार त्या एका बॅगेत, जाणार कशी? हे थोडा वेळ बॅगेकडे बघत उभे राहिले, मग कपाटाकडे. म्हणाले, "किल्ली आहे?"

किल्ली माझ्या कमरेला खोचलेली होती. कपाटाची दारं जिन्याच्या खालच्या बाजूला, आमच्याकडे तोंड करून होती. एक गजांमुळे अडत होतं, दुसरं उघडलं. आतले खण सगळे तिरके, डावी बाजू खाली, उजवी वर.

"आत्ता ठेवू नका," मी म्हटलं. "सगळं घसरून कोपऱ्यात जाईल."

"जहाज ह्यापेक्षा जास्त कलतं," हे म्हणाले आणि बॅगेची चेन उघडली.

जड बूट खालच्या कोपऱ्यात गेले. त्यांना टेकून स्वेटर, स्वेटरला टेकून शर्टांच्या गुंडाळ्या, एकमेकीला दाबून धरणाऱ्या. दाढीचं सामान टॉवेलात घट्ट. एक वस्तू हलली नाही. वरच्या पायऱ्यांवर कप्तान, सून, नर्सबाई. खालच्या पायऱ्यांवर मिस्त्री आणि काका. काकांचे हातसुद्धा गप्प होते. शेवटी रिकामी बॅग घडी करून तीही आत ठेवली. दार लावलं, किल्ली फिरवली, किल्ली खिशात टाकली आणि खिसा वरून एकदा दाबून पाहिला. मी तेव्हा जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग कप्तान रांगत खाली आले, उभे राहिले, गुडघे झटकले आणि फॉर्म पुढे केला. "सदस्यांची सही हवी होती." ह्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दोन गज कापले. कपाट थोडं सरकलं, भिंतीला टेकलं, तिरकं ते तिरकंच, पण आता बाजूनं माणूस उभ्यानं जाऊ शकतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संपेल तर तो माझा संसार कसला. हमाल परत आले आणि म्हणाले, कपाट रिकामं करा, भरलेलं उचलणार नाही. अगदी रास्त बोलले. मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तिरक्याच्या हिशोबानं लावलंय. काढलं की सगळं मोडेल."

"मग वर आणून सरळ लावा."

"लावीन. घाई काय आहे? मला आता कुठे जायचंय?"

आज ह्याला अकरा दिवस झाले. हमाल दोनदा येऊन परत गेले. कप्तानांच्या तीन नोटिशी आल्या, त्या ह्यांनी नीट वाचल्या आणि कपाटाच्या दुसऱ्या खणात ठेवल्या. घरात कपाटासाठी मोकळी केलेली भिंत तशीच रिकामी आहे, तिथे सुनेनं कपडे वाळवायचा स्टँड उभा केलाय. मिस्त्री एकदा सहज म्हणून येऊन सांधे बघून गेला. सगळं सगळ्यांच्या मनासारखं चाललंय, एक माझं सोडून.

रोज सकाळी आंघोळ झाली की हे टॉवेल गुंडाळून दारात उभे राहतात.

"कपाटाकडे जाऊन येतो. तुला काही आणायचंय का?"

"कपाटातून काय आणणार? शर्टच ना?"

"हो, तसं शर्टच," म्हणतात आणि खाली उतरतात. वाटेत नर्सबाई भेटते, काका भेटतात, टॉवेलावरच गप्पा होतात. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं. आधी हे जाऊन येतो म्हणाले की मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायची, आता गॅसवर चहाचं पाणी ठेवते. पाण्याला उकळी फुटायच्या आत शर्टाची बटणं लावत परत येतात. काल मात्र सात मिनिटं लावली. मी दारातच गाठलं आणि विचारलं, एवढा वेळ होतात कुठे.